शिबिराची शेवटची रात्र : वसईच्या बिशपस्वामींस खुले पत्र

आदरणीय बिशपस्वामी,



मे महिना लागला की आपल्या चर्चच्या आवारात बस येऊन उभी राहते. परीक्षा आटोपलेली मुलं-मुली पाठीला सॅक, काखोटीला चटई घेऊन जमतात. कुणाची आई शेवटच्या क्षणी डब्यात काहीतरी कोंबते, कुणाचा बाप लांब झाडाखाली उभा राहून नुसता बघत राहतो. सहा-सात दिवसांचं शिबिर असतं. मी त्या घोळक्याकडे बघत दर वर्षी थोडी रेंगाळते. मी शाळेत शिकवते, बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आहे, आणि १९८८ च्या मे महिन्यात अशाच एका बसमध्ये मी चढले होते.

हे पत्र मी बंद पाकिटातूनही पाठवू शकले असते. पण जे सांगायचं आहे ते त्या मुलांनी, झाडाखालच्या त्या बापाने आणि शिबिरं चालवणाऱ्या टीमनेही वाचायला हवं, म्हणून ते उघडं लिहिते आहे.

आधी ऋण सांगते. मी सतरा वर्षांची होते. मरियामातेच्या भक्तीतून उभ्या राहिलेल्या एका चळवळीचं ते शिबिर होतं. घरात बायबल होतं, पण ते कपाटात, रेशमी कापडात. शिबिरात ते पहिल्यांदा माझ्या मांडीवर आलं. शुभवर्तमानातला एक उतारा वाचून झाल्यावर धर्मगुरूंनी विचारलं, "तुला काय वाटतं?" आणि मी गोंधळून मागे बघितलं, कारण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. तिथे मुलगे भांडी घासत होते आणि मुली चर्चा चालवत होत्या. संध्याकाळी केळीच्या बागेतून चालत रोझरी व्हायची. पुढच्याची ओळ मागच्याने उचलायची, वाट संपायची आणि जपही संपायचा. आमच्या ताटांना नावं नव्हती. जे हाताला लागेल ते घ्यायचं. उत्तनकडची कोळ्यांची मुलगी, सामवेदी मळ्यातली मी, वाडवळ घरातला एक मुलगा आणि जंगलपट्टीतली दोन आदिवासी भावंडं एका गटात होतो. आपल्या समाजात एका वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारी माणसं सोयरीक जुळवताना कोण कुठल्या जातकुळीचा हे अजून विचारतात, हे आपणांस मी सांगायला नको. त्या सात दिवसांत ते कुणी विचारलं नाही. माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण अजूनही तीच कोळीण आहे.

तेव्हा कुणी या पत्राचा आधार घेऊन शिबिरं बंद करा म्हणू लागला, तर मी त्याच्या विरोधात पहिली उभी राहीन.

आता १९९३ ची गोष्ट. मी बावीस वर्षांची, त्याच चळवळीत गट सांभाळणारी ताई झाले होते. माझ्या गटात पंधरा वर्षांची एक मुलगी होती. कमी बोलायची, काम मात्र झटून करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बादली ओढता ओढता तिने मला सांगितलं, बाबा रोज पितात, आईला मारतात, आणि ते पायरीवर यायच्या आत आम्ही भावंडं झोपेचं सोंग घेतो. मी तिचा हात धरून ऐकलं. तिथवर सगळं ठीक होतं.

शेवटची रात्र आली. शिबिराला गेलेल्या कुणालाही ही रात्र वर्णन करून सांगावी लागत नाही. हॉलमधले दिवे घालवलेले, वेदीवर पवित्र साक्रामेंत, समोर एक मेणबत्ती, कोपऱ्यात गिटारीच्या दोन तारा हलक्या हाताने छेडलेल्या. सहा रात्रींची झोप अपुरी, दिवसभर गाणी आणि प्रार्थना, घरापासून दूर. धर्मगुरू हळू आवाजात म्हणतात, ज्याला ख्रिस्ताने स्पर्श केला आहे त्याने पुढे येऊन साक्ष द्यावी. एकेक मूल उठतं. पहिला रडतो, दुसरा रडतो, मग सगळा हॉल हुंदके देऊ लागतो. माझी ती मुलगी खाली बघत बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हटलं, "बोल, मोकळी होशील." ती उठली. नव्वदेक मुलांसमोर तिने बापाचं पिणं सांगितलं, आईच्या अंगावरचे वळ सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तिला मिठीत घेतलं. नंतरच्या बैठकीत आम्ही टीमने ठरवून टाकलं की आजवरची ही सगळ्यांत कृपेची रात्र.

दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर बायका ते आपसांत बोलत होत्या. तिसऱ्या रविवारपर्यंत ते बापाच्या कानावर गेलं. त्यानंतर त्या घरात काय झालं ते मी लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क त्या मुलीचा आहे. ती युवा गटात पुन्हा आली नाही. पुढे मिस्सालाही शेजारच्या धर्मग्रामात जाऊ लागली.

बारा वर्षांनी मी तिच्या सासरी गेले, माफी मागायला. तिने चहा केला, मुलांची ओळख करून दिली. निघताना दारात ती एवढंच म्हणाली, "ताई, ते मी तुला सांगितलं होतं."

बिशपस्वामी, या सहा शब्दांवर मी वीस वर्षं विचार करते आहे. हॉलमध्ये कुणी तिच्यावर ओरडलं नव्हतं. सगळे प्रेमाने वागले. टीममधला प्रत्येक जण मनापासून श्रद्धाळू होता, मीही होते. तरी एका लेकराने विश्वासाने एकीच्या ओंजळीत टाकलेली गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून बाजारात मांडायला लावली, आणि त्याला पवित्र आत्म्याचं काम म्हटलं.

आत्म्याचं काम मी नाकारत नाही. शेवटच्या रात्री खरोखर बदललेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण जो आत्मा रात्री अकरा वाजता अंधाऱ्या हॉलमध्ये बोलतो, तो सकाळी आठ वाजता, पुरती झोप झाल्यावर, चहाच्या पेल्यासमोरही बोलू शकतो. थकलेल्या शरीराचा उमाळा आणि कृपेचा स्पर्श यांतला फरक पंधरा वर्षांच्या मुलाला कळावा अशी अपेक्षा आपण कशी ठेवतो? तो फरक ओळखण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

आणि यात नवीन कायदा करण्याचीही गरज नाही. १९८३ च्या कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेचा, २२० वा नियम सांगतो की कुणाचीही अब्रू अन्यायाने दुखावू नये आणि स्वतःचं खासगीपण जपण्याच्या कुणाच्याही हक्काला धक्का लावू नये. त्याच्या आधीचा २१९ वा नियम म्हणतो, आयुष्याची वाट निवडताना प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती कुठल्याही जबरदस्तीपासून मुक्त असली पाहिजे. हे दोन्ही नियम महागुरूंना, धर्मगुरूंना लागू आहेत तसे पंधरा वर्षांच्या मुलीलाही लागू आहेत. आमच्या टीममध्ये त्या वेळी कुणालाच ते ठाऊक नव्हते. गिटार कशी लावायची, ॲक्शन साँग कसं बसवायचं, पाचशे पोळ्यांना पीठ किती लागतं, हे आम्हाला शिकवलं होतं. हे नियम कुणी शिकवले नाहीत.

२१९ व्या नियमाबद्दल थोडं सांगते, कारण शेवटच्या रात्रीला आणखी एक भाग असतो. ज्यांना बोलावणं ऐकू आलं त्यांनी हात वर करा, असं म्हटलं जातं. धर्मगुरू व्हायला किती, धर्मभगिनी व्हायला किती. हात वर करणारी बहुतेक मुलं दोन महिन्यांत कॉलेजात रमतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण काही मुलं आपण देवाला दिलेला शब्द मोडला या ओझ्याखाली वर्षानुवर्षं वाकतात. आपल्याच मातीतला संत गोन्सालो गार्सिया आठवा. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला, तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्यांच्यात राहून वर्षानुवर्षं सेवा केली, तरी त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारात शिरला. मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. त्याला त्याची वाट सापडायला केवढा काळ लागला! त्याच्या नावाने भरवलेल्या शिबिरात आपण मुलांकडून ती एका रात्रीत मागू नये.

शिबिरांच्या पुढची पायरी सामूहिक जीवनाची. १९९४ ते ९६ अशी दोन वर्षं मी त्या चळवळीच्या एका घरात राहिले. पहाटे पाचला प्रार्थना, सगळ्यांचा पगार एका पेटीत, स्वयंपाकाच्या पाळ्या, आजारी पडलं तर उशाशी कुणीतरी बसलेलं. एकत्र राहण्यातला तो गोडवा मी विसरलेले नाही. घरात चार जणी होतो आणि दर बुधवारी रात्री एकमेकींची माफी मागून झोपायचो. संसारात पडल्यावर मी हा नेम नवऱ्यालाही लावला, आणि तो अजून चालू आहे.

पण त्या घराची प्रमुख हीच माझी आध्यात्मिक मार्गदर्शकही होती. मनातलं सगळं तिला सांगायचं आणि कामाची नेमणूकही तिनेच करायची. मला बी.एड. करायचं होतं. ते मी तिला मार्गदर्शक म्हणून सांगितलं, आणि उत्तर मिळालं ते प्रमुख म्हणून: ही तुझी इच्छा आहे, देवाची नव्हे. देवाची इच्छा कोणती हे ठरवणारी आणि माझ्या मनातले सगळे कच्चे दुवे जाणणारी व्यक्ती एकच असल्यावर मी वाद घालणार तरी कशाच्या बळावर? ती बाई दुष्ट नव्हती. मला आजही तिच्याबद्दल माया आहे. दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसवला होता, हा दोष रचनेचा होता.

चर्चचं शहाणपण इथेही जुनंच आहे. नवशिक्यांच्या गुरूने आणि सेमिनरीच्या रेक्टरने त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये, विद्यार्थ्याने आपणहून एखाद्या प्रसंगी विनंती केली तर गोष्ट वेगळी, असं ९८५ वा नियम सांगतो. संन्यस्तांच्या वरिष्ठांनी कुणालाही आपलं अंतःकरण आपल्यापुढे उघडं करायला कुठल्याही प्रकारे भाग पाडू नये, असं ६३० वा नियम बजावतो. जे संरक्षण व्रतस्थ संन्याशाला आहे, ते चळवळीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला का नसावं? पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ च्या पत्रात लैंगिक अत्याचारांच्या जोडीला सत्तेचा आणि सदसद्विवेकबुद्धीचा गैरवापर हे शब्द मुद्दाम वापरले. ११ जून २०२१ रोजी व्हॅटिकनने आंतरराष्ट्रीय चळवळींसाठी आदेश काढला: केंद्रीय कार्यकारिणीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि एका व्यक्तीने सलग दहा वर्षांपेक्षा अधिक काळ पदावर राहू नये. तो आदेश आपल्या गावातल्या प्रार्थनागटाला बंधनकारक नाही. पण आपल्याकडे पंचवीस-पंचवीस वर्षं एकाच दादाभोवती फिरणारे गट आहेत, आणि तो दादा बाजूला झाला की गट बसतो. खुर्ची फिरती ठेवण्यातलं शहाणपण घ्यायला आपल्याला रोमची सक्ती हवीच असं नाही.

आता मी आपणांस थोडं लांब नेते.

२०१६ च्या जुलैमध्ये जागतिक युवा दिनासाठी तरुणांच्या एका तुकडीबरोबर, सोबतीला मोठं माणूस म्हणून, मी पोलंडला गेले. क्राकोवच्या मुख्य सोहळ्याआधीचे काही दिवस आम्हाला दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात घराघरांत उतरवलं होतं. पोलंड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं; १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले. माझ्या यजमानीण आजींना ते ठाऊक होतं, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी सूत जुळलं. आजी बोलायच्या, नात इंग्रजीत सांगायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोठ्यावरचा गवताचा माळा दाखवला. म्हणाल्या, इथे ओआझाची मुलं झोपायची, उन्हाळ्यात पंधरा दिवस. पोलीस यायचे आणि माझ्या वडिलांना दंड करून जायचे. वडील दंड भरायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलांना घ्यायचे.

ओआझा म्हणजे वाळवंटातली हिरवळ. ही चळवळ उभी केली फादर फ्रांचिशेक ब्लाख्निट्स्की यांनी. १९२१ चा जन्म, पोरवयात स्काउट, नाझींच्या ताब्यात आउश्वित्झमध्ये चौदा महिने, मग १९४२ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा. फाशीच्या कोठडीत वाट बघत असताना त्यांना श्रद्धा सापडली. शिक्षा नंतर बदलली, ते जगले, १९५० मध्ये धर्मगुरू झाले. १९५४ साली त्यांनी वेदीसेवक मुलांसाठी पहिलं ओआझा शिबिर घेतलं. कम्युनिस्ट सरकारला चर्चची युवाशिबिरं मान्य नव्हती. मोठी इमारत नाही, परवानगी नाही, म्हणून मुलं डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरांत, माळ्यांवर राहू लागली. दुनायेत्स नदीकाठचं क्रॉश्चेंको हे गाव चळवळीचं घर झालं. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कार्डिनल वोयतिवा १९७२ च्या ऑगस्टमध्ये डोंगरावर या मुलांसाठी मिस्सा करायला चढून आले होते. ते स्वतः तरुण धर्मगुरू असताना विद्यार्थ्यांबरोबर होड्यांतून भटकायचे. धर्मगुरूंना असं करायला बंदी, म्हणून साध्या कपड्यांत. मुलं त्यांना 'वुयेक' म्हणायची, म्हणजे मामा. उलटी ठेवलेली होडी ही त्यांची वेदी.

ओआझाची घडी पंधरा दिवसांची. रोझरीची जुनी पंधरा रहस्यं, एकेका दिवसाला एकेक. पहिला दिवस देवदूताच्या संदेशाचा; मग गव्हाणी, गेथशेमनी, कालवारी, पुनरुत्थान, असं मूल पंधरा दिवसांत सगळी वाट चालून जातं. आपल्या आजीच्या हातातली माळच त्यांनी दिनदर्शिका केली. यामुळे रडण्याला आणि आनंदाला दोन्हींना जागा मिळते, आणि सगळं एका रात्रीवर येऊन ठेपत नाही. रोज निदान पाव तास प्रत्येकाने एकट्याने, गप्प, बायबल घेऊन बसायचं. त्याला ते भेटीचा तंबू म्हणतात. त्या पाव तासात काय झालं हे सांगायची सक्ती नाही. एक दिवस 'उघड्या डोळ्यांची भटकंती': डोंगरात जायचं, आणि देवाच्या हातच्या गोष्टी बघून यायचं. रोज रात्री हसण्याखेळण्याची एक वेळ असते. तेराव्या दिवशी, जो पेन्टेकॉस्टचा, आसपासची सगळी शिबिरं एका जागी भेटतात, म्हणजे आपल्याच गटाला अख्खं चर्च समजण्याची चूक होत नाही. आजी त्या काळात एका गटाच्या ॲनिमेटर, म्हणजे गट सांभाळणारी ताई, होत्या, वय अठरा. मी विचारलं, शेवटच्या रात्री काय करायचात? त्यांना माझा प्रश्न कळेना. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी आम्ही माळा झाडून काढायचो आणि घरमालकिणीचे आभार मानायचो.

मला सगळ्यांत खोल लागली ती मात्र दारूबद्दलची गोष्ट. १९५७ मध्ये ब्लाख्निट्स्कींनी संयमाची एक मोहीम सुरू केली होती. एक लाखाच्या आसपास माणसं तीत आली, आणि १९६० मध्ये सरकारने ती बंद पाडली; पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात टाकलं. १९७९ च्या जूनमध्ये, पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले तेव्हा, ब्लाख्निट्स्कींनी ती नव्या रूपात पुन्हा मांडली. तिचं नाव मानवमुक्तीची मोहीम. तिची रीत अशी: ज्यांना व्यसन नाही त्यांनी आपणहून दारू सोडायची. वर्षभरासाठी किंवा जन्मभरासाठी. ज्याला सुटत नाही त्याच्या बरोबर उभं राहण्यासाठी. लग्नात, सणात, बिनदारूचा हात समोर दिसला की सोडू पाहणाऱ्याला एक जागा मिळते. कुणाचा बाप पितो हे कुणी कुणाला विचारत नाही.

त्या माळ्यावर उभी राहून मी माझ्या मुलीचा विचार करत होते, विहिरीवरच्या त्या मुलीचा. तिच्याकडून आम्ही साक्ष मागितली. त्या नव्वद मुलांनी त्या रात्री तिच्यासाठी, तिचं नाव न घेता, वर्षभर ग्लासाला हात न लावण्याचा शब्द दिला असता तर? आपल्याकडच्या लग्नमांडवात दारूचं काय चालतं हे सांगायची गरज नाही. पोराच्या कम्युनियनच्या जेवणालाही बाटली लागते अशी घरं आहेत. या एका गोष्टीसाठी आपल्या तरुणांची चळवळ उभी राहावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती भाषणांनी उभी राहणार नाही. पाच-पंचवीस जणांनी आपल्या सख्ख्या भावाच्या लग्नात सरबताचा पेला धरला की सुरुवात झाली.

ब्लाख्निट्स्की १९८१ च्या डिसेंबरात परदेशी होते, तेव्हा पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि त्यांना परत जाता आलं नाही. २७ फेब्रुवारी १९८७ रोजी जर्मनीतल्या कार्ल्सबर्गमध्ये ते वारले. २०२३ मध्ये पोलिश तपास अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की त्यांचा विषप्रयोगाने खून झाला होता. सरकारला इतकी भीती कशाची वाटावी? गवताच्या माळ्यावर झोपणाऱ्या, आपल्या मर्जीने गप्प बसणाऱ्या आणि आपल्या मर्जीने नाही म्हणणाऱ्या मुलांची, असं मला वाटतं.

पोलंडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण घरांची गोष्ट आपल्याला पटकन जमण्यासारखी आहे. आपली शिबिरं आता कंपाउंडच्या आत भरतात; छान इमारत, गेट, वॉचमन. सात दिवस मुलांना आईबाप दिसत नाहीत, गाव दिसत नाही. आठव्या दिवशी ती घरी येतात आणि घर त्यांना फिकं वाटतं. महिन्याभरात शिबिर ओसरतं. तेच शिबिर नंदाखालच्या किंवा आगाशीच्या घरांत भरलं तर? मळेवाल्यांची मुलं आठवडाभर उत्तनच्या कोळीवाड्यात राहिली, पहाटे बंदरावर होडीची वाट बघितली, कोळणीच्या हातची सुकट-भाकरी खाल्ली, संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर रोझरी म्हटली, तर? जातकुळीची जी भिंत माझ्या गटात सात दिवसांसाठी पडली, ती स्वयंपाकघरात शिरून पडेल. यजमान घरं धर्मग्रामाने पारखून निवडावीत. मूल कुठल्याही एका मोठ्या माणसाबरोबर एकांतात राहणार नाही असा नियम पाळावा. मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येक यजमानाला आणि ॲनिमेटरला समजावून सांगावा. यात अवघड काही नाही. आपण आपल्या सणांना याहून अधिक पाहुणे सांभाळतो.

आणि श्रद्धा हॉलबाहेर आणण्याची सवय वसईला आहेच. ज्या वर्षांत मी शिबिरात होते त्याच वर्षांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईचा लढा उभा करत होते. आमच्यातले कित्येक जण शिबिरातून थेट त्या मोर्च्यांत गेले. विहिरी आणि मळे वाचवणं हा आमच्या प्रार्थनेचाच भाग होता. तेच फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगितलं, हा माणूस आपल्या शिबिरांत येऊन जमिनीवर बसायचा. फादर जाऊन आता काळ लोटला. आजच्या शिबिरांत मुलं टँकरच्या पाण्याबद्दल, कॅनडाला निघालेल्या मोठ्या भावाबद्दल, विरार लोकलच्या गर्दीत चेंगरणाऱ्या आयुष्याबद्दल बोलतात का? बोलली तर कुठल्या भाषेत? घरात कादोडी बोली, शाळेत इंग्रजी आणि शिबिरात पडद्यावरच्या उसन्या ओळी, असं झालं तर मनातलं मनातच राहतं.

बिशपस्वामी, आपल्या हातात एक परिपत्रक आहे. त्यात एवढंच असू द्या की अठरा वर्षांखालच्या कुणाकडूनही सर्वांसमोर साक्ष मागितली जाणार नाही, आणि मोठ्यांकडूनही ती आग्रहाने मागितली जाणार नाही. बोलावण्यासाठी हात वर करायला लावले जाणार नाहीत. दिवे घालवले तरी झोप घालवली जाणार नाही. मुलाचं मन ऐकणारा आणि मुलाची नेमणूक ठरवणारा हे दोन वेगळे लोक असतील, आणि पापनिवेदनाला बाहेरच्या धर्मग्रामातले धर्मगुरू येतील. गट चालवणारा दर काही वर्षांनी बदलेल. मूल शिबिरातून घरी जायचं म्हणालं तर त्याच दिवशी, कारण न विचारता, त्याला घरी पोचवलं जाईल.

हे परिपत्रक येत्या एप्रिलमध्ये काढा, आणि प्रत्येक चर्चमध्ये मिस्सानंतर मराठीत वाचून दाखवायला सांगा. मुलं बसमध्ये चढण्याआधी, त्यांचे आईबाप आवारात उभे असताना.

आपली नम्र,
वसईतल्या एका धर्मग्रामातील शिक्षिका